आंब्याची वेबसाइट : दिवाळीपासून मृगापर्यंतची तयारी

स्वतःच्या बागेतला हापूस वेबसाइटवरून विकायचा असेल तर कामाला दिवाळीतच लागा. कैरी सुपारीएवढी झाली की मग साइटवाल्याला फोन करायचा, तो म्हणणार ‘पाडव्याला देतो’, आणि साइट सुरू होणार अक्षय तृतीया उलटल्यावर. आमचं पहिल्या वर्षी हेच झालं. मेच्या मध्यावर दुकान उघडलं, ऑर्डरी आल्या अकरा, त्यांतल्या चार घरच्याच. झाडावर मोहोर दिसायला लागतो तेव्हा साइटचा सांगाडा उभा असायला हवा, आणि पहिली तोडणी होईल त्याआधी निदान महिनाभर ती गूगलला दिसत असायला हवी.

सगळ्यात आधी नाव, म्हणजे डोमेन. ते फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. ‘हापूस’ हा शब्द रोमनमध्ये लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे बागेचं किंवा गावाचं सुटसुटीत नाव बरं. डॉट इन घ्या. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. हौस असेल तर तेही घेऊन मुख्य साइटकडे वळवून ठेवा, पण पेटीवर छापताना रोमनच छापा, कारण बहुतेकांची बोटं पत्ता टाइप करताना तिकडेच जातात. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) आणि पेमेंटचं खातं, तिन्ही तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर. आमचं डोमेन साइट करणाऱ्या मुलाने स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. मुलगा सरळ होता, फसवायचा हेतू नव्हता. त्याला परगावी नोकरी लागली, नंबर बदलला, आणि ऐन ऑक्टोबरात डोमेनची मुदत संपली. आठवण करून देणारे ईमेल सगळे त्याच्या जुन्या पत्त्यावर. इकडे दोन हजार पेट्यांवर नाव छापून तयार. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण कलमं लावतो का? मग इथे का ठेवतो, हे मला अजून कळलेलं नाही.

कागदपत्रांचं काम थंडीतच उरका. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. साइटवर मानांकनाचं चिन्ह लावायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद लागते. ती झाली असेल तर क्रमांक पानावर ठळक लिहा. बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो हे गिऱ्हाइकाला आता चांगलं ठाऊक आहे, आणि त्याला नेमकी तीच शंका असते. पेमेंट गेटवेवालेही, म्हणजे साइटवर भरलेले पैसे आपल्या खात्यात पोचवणारे, साइट तपासूनच मंजुरी देतात. संपर्काचा पत्ता, अटी, पैसे परत कधी आणि कसे, माल किती दिवसांत, माहिती गुप्त कशी राहील, ही पानं नसतील तर अर्ज परत येतो. दुसऱ्या साइटवरून ती उचलून चिकटवू नका. एकाने उचलली, तर त्याच्या आंब्याच्या साइटवर ‘कपडे न धुता सात दिवसांत परत करावेत’ असं वाक्य हंगामभर राहिलं.

परतीचं पान तर आपल्या मालाला धरूनच लिहावं लागतं, कारण आंब्यात साका निघतो. वरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, फुसका गर. बाहेरून तो ओळखता येत नाही; आपल्याला नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. म्हणून आधीच ठरवून लिहा: कापलेल्या फळाचा फोटो किती दिवसांत पाठवायचा, बदली फळ देणार की पैसे, आणि पेटी मिळाल्यावर फळ किती दिवस गवतात ठेवायचं. आम्ही साक्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं त्या वर्षापासून भांडणाचे फोन कमी झाले. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि ती महिन्याभरात निकाली काढायची असते. घरात फोनवर शांत आवाजात बोलणारं जे कोणी असेल त्याला हे काम द्या.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीने, टाइप करून घ्या. छापखान्यातून मिळालेला पत्रकाचा मजकूर बहुधा श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि चित्र करून लावला तर गूगलच्या शोधात तो सापडेल याचा भरवसा नसतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद आहे का, तेही विचारा. नसेल तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. दोन ओळींत अंतर भरपूर ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीला भिडतात. मराठी आणि इंग्रजी पानं वेगळी करा.

फोटोंची गोष्ट अशी, की आंब्याची साइट डिसेंबरात बांधायची आणि आंबा तर मेमध्ये. म्हणजे गेल्या मेमध्येच फोटो काढून ठेवलेले हवेत. नसतील तर उधारीचे लावू नका. मोहोराचे, बागेचे, झाडाखाली उभ्या असलेल्या तुमच्या माणसांचे लावा आणि या हंगामात झेल्याने (जाळीच्या काठीने) उतरवतानाचे, अढी लावतानाचे (गवतात पिकत घालतानाचे), पेटी भरतानाचे जमवा. मोबाइलमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर साइट उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो, म्हणून दोनशे केबीच्या आत आणा.

साइट ताब्यात घेताना मी एकच परीक्षा घेतो. फोन घेणाऱ्या आमच्या वहिनींना स्वतःच्या मोबाइलवरून, कोणाला न विचारता, डझनाचा दर बदलता आला पाहिजे आणि ‘आज माल संपला’ लावता आलं पाहिजे. हापूसचा मार्चमधला दर एक, मेमधला वेगळा, आणि एक अवकाळी पाऊस आला की सगळंच फिरतं. प्रत्येक वेळी साइटवाल्याची वाट बघायची असेल तर फळ्यावर खडूने लिहिलेलं बरं. मग स्वतःच ऑर्डर द्या, खरे पैसे भरा आणि ते परत मिळतात का बघा. ऑर्डरचा ईमेल स्पॅममध्ये तर जात नाही ना, तेही तेव्हाच कळतं. तुम्ही जिथे पोचवू शकता तेवढेच पिनकोड साइटने घ्यावेत. ४०० ने सुरू होणारा प्रत्येक पिन मुंबईचा नसतो, ठाणे आणि नवी मुंबईही त्यातच येतात. गाडी तिकडे जाणार नसेल तर सहाही अंकांची यादी करावी लागते.

आता एक छोटीशी खूण, जी दोघा-तिघांकडे तरी राहिलेली मी पाहिली आहे. साइट बनत असताना ‘सर्च इंजिनला दाखवू नका’ असं ठेवतात, आणि सुरू झाल्यावर ती खूण काढायची राहून जाते. मग तुम्ही महिनाभर गूगलमध्ये स्वतःला शोधत बसता. ती काढा, सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीची गूगलची सोय) साइट जोडा, साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या.

प्रसिद्धीसाठी पहिला पैसा जाहिरातीवर घालू नका. गेल्या हंगामाची वही काढा. त्यातल्या गिऱ्हाइकांना आपला नंबर सेव्ह करायला सांगा, कारण व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट ज्यांच्याकडे नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो. लिंक पाठवली की खाली आंब्याचं चित्र आणि बागेचं नाव दिसतं का, हे आधी घरच्या ग्रुपवर बघून घ्या. नुसती निळी ओळ आली तर लोक दाबत नाहीत, आणि हल्लीच्या फसवणुका बघता त्यांचं बरोबरच आहे. गूगल मॅपवर बागेची नोंद करा. जाहिरात द्यायचीच तर जिथे गाडी जाते तेवढ्याच भागात, आणि पाडवा ते अक्षय तृतीया एवढ्याच दिवसांत.

एक गिऱ्हाईक आमच्या ध्यानीमनी नव्हतं. परदेशातली मुलं इकडच्या आईवडिलांसाठी पेटी मागवतात. त्यांच्यासाठी परदेशी कार्ड चालू करून घ्यावं लागतं, पैसे देणाऱ्याचा आणि पेटी घेणाऱ्याचा नंबर वेगवेगळा मागावा लागतो, आणि फॉर्मने दहा अंकांचाच हट्ट धरता कामा नये. ‘आम्हालाच अमेरिकेत पाठवाल का’ असंही विचारतात. तिकडे २००७ पासून आपला आंबा विकिरण प्रक्रिया करूनच जातो, कुरिअरने एक पेटी पाठवण्यासारखं ते काम नाही. हे उत्तर पानावर लिहून टाका, रात्री दोनचे मेसेज वाचतील.

हंगामात साइटकडे बघायला वेळ नसतो, तरी एक काम रोज संध्याकाळी करायचंच: अढीत तयार किती डझन, आणि साइटवर बुकिंग किती. हातातल्या मालाच्या ऐंशी टक्क्यांवर आम्ही बुकिंग थांबवतो. वहिनींना साठ हवे होते. त्या वर्षीचा पाऊस बघता त्यांचंच खरं होतं.

मृगाच्या आधी आवराआवर. साइट बंद करू नका, पान तेच ठेवून ‘हंगाम संपला, पुढच्या वर्षी कळवायचं असेल तर नंबर द्या’ एवढं लावा. हंगामापुरत्या आलेल्या पोराचं लॉगिन काढा. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची एक्सेल शीट कोणत्या ग्रुपवर फिरत असेल तर ती पुसा; वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा नसता तरी लोकांचे पत्ते असे फिरवायचे नसतात. सॉफ्टवेअर अद्ययावत करायचं ते आता, एप्रिलमध्ये नाही. त्याआधी बॅकअप घ्या, एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा आणि ती एकदा खरोखर उघडून साइट उभी राहते का पाहा. आमची पहिली प्रत उघडली तेव्हा तिच्यात फोटोच नव्हते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी साइट स्वतः उघडा. साइट सुरक्षित असल्याचं (https चं) मोफत प्रमाणपत्र बरेचदा नव्वद दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं खरं, पण कधी अडकतं, आणि मग येणाऱ्याला लाल इशारा दिसतो.

डोमेनची तारीख मी मोबाइलमध्ये लावली होती, मोबाइल बदलला तशी ती गेली. आता ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने आहे, वहिनींच्या अक्षरात, दुधाच्या हिशोबाशेजारी.