जे-१ व्हिसावर अमेरिकेला रिसर्चला जाताय? नाशिकहून निघायच्या आधीची तयारी

परवा डिपार्टमेंटमधला आमचा एक ज्युनियर घरी आला, म्हणाला मॅडम, बोलावणं आलंय, अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमधून, वर्षभरासाठी, आता काय काय करायचं ते सांगा. पठ्ठ्यानी तिकिटांचे भाव बघायला सुरुवात पण केली होती. त्याला चहा देता देता जे सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितेय, कारण मी गेले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं आणि दोनदा चांगलीच आपटले होते.

पहिलं म्हणजे तिकीट शेवटी. आधी डीएस-२०१९. व्हिजिटिंग सायंटिस्ट लोक बहुतेक जे-१ व्हिसावर जातात आणि त्याचा पाया म्हणजे हा एक कागद, जो वकिलात देत नाही, तुम्हाला बोलावणारी संस्था देते, आणि संस्थेत पण प्रोफेसर नाही तर त्यांचं इंटरनॅशनल ऑफिस देतं. प्रोफेसरचा ईमेल आला की आपल्याला वाटतं झालं काम, पण प्रोफेसरला व्हिसातलं आपल्याइतकंच कळतं. त्यामुळे पहिल्याच उत्तरात त्यांना विचारायचं की तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये माझी केस कोण बघणार, आणि त्या माणसाला धरून ठेवायचं. ते लोक खरंच मदत करतात, प्रश्न कितीही बावळट असला तरी, फक्त विचारावं लागतं. लॅब ईस्ट कोस्टला असेल तर आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडची सकाळ, तेव्हा मेल टाकला की बऱ्याचदा त्याच रात्री उत्तर येतं. हे सगळं चार-पाच महिने आधी सुरू करा. मी खरड छाटणीच्या वेळी, म्हणजे एप्रिलमध्ये, कागद हलवायला घेतले आणि ऑक्टोबर छाटणीच्या जेमतेम आधी विमानात बसले. द्राक्षाच्या डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर, काम करणारी बाई ऐन डाऊनीच्या सीझनला नाशिक सोडून चालली म्हणून आमचे बागायतदार अजून चिडवतात.

ते ऑफिस तुमच्याकडे पासपोर्टची कॉपी, सीव्ही, डिग्र्या, पैसे कोण देणार त्याचं पत्र आणि इंग्रजी येतं याचा पुरावा मागेल. इंग्रजीला घाबरू नका, टोफेल नसेल तरी बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ कॉलवर बोलून ते स्वतःच तसं लिहून ठेवतात. खरी मारामारी नावाची. आपली मराठी पद्धत म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि लग्न झालं की बाईचं मधलं नाव नवऱ्याचं. माझ्या डिग्रीवर वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, पेपरांवर नुसती आद्याक्षरं. अमेरिकेतल्या सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टवर आहे तसंच यायला हवं, स्पेलिंगसकट, म्हणून डीएस-२०१९ आला की आधी नाव आणि जन्मतारीख वाचा, मग आनंद करा. माझ्यात एक अक्षर कमी होतं, ते दुरुस्त होऊन यायला दोन आठवडे गेले. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर तो रिन्यू करणं सगळ्यात आधी. पासपोर्टची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जाते, पण म्हणून नाशिककरांना लवकर मिळते असं काही नाही हो.

आता कॅटेगरीचं, आणि हे नीट वाचा. सहा महिन्यांपर्यंतचं काम असेल तर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ देतात आणि ती मुदत सहा महिन्यांच्या पुढे वाढत नाही, म्हणजे नाहीच. ‘रिसर्च स्कॉलर’ पाच वर्षांपर्यंत चालतो, पण तो प्रोग्रॅम एकदा संपवून परत आलात की पुढचे २४ महिने त्याच कॅटेगरीत पुन्हा जाता येत नाही. म्हणजे सात महिन्यांसाठी रिसर्च स्कॉलर म्हणून गेलात आणि परतल्यावर सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबनी मोठं काम दिलं तर हात चोळत बसायचं. म्हणून पुढचं काय डोक्यात आहे ते त्या ऑफिसला आधीच मोकळेपणानी सांगा, कागद बनल्यावर नाही. आणि तो दोन वर्षं भारतात परत येऊन राहायचा नियम, ज्याला सगळे घाबरतात, तो ज्या देशांच्या लोकांना लागतो त्यांची यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं. पण फुलब्राइट स्कॉलरशिपसारखा सरकारी पैसा असेल तर तो नियम अजूनही लागतो, त्यामुळे पैसे कुठून येतायत हे बघूनच निश्चिंत व्हा.

इकडची बाजू पण आहे. सरकारी किंवा अनुदानित नोकरी असेल तर एनओसी आणि रजा मंजुरी, अध्ययन रजा असेल तर बंधपत्र. ही फाईल टेबलाटेबलावरून फिरते आणि मध्येच कोणीतरी सुट्टीवर जातं, त्यामुळे तिच्या मागे स्वतः फिरा. बायको किंवा नवरा आणि मुलं जे-२ वर येणार असतील तर त्यांचे वेगळे डीएस-२०१९ लागतात, माणशी जास्तीचे पैसे दाखवावे लागतात, आणि लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले लागतात. जन्मदाखला आजच कपाटातून काढून बघा, आपल्याकडे कितीतरी दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरी असते. ती भरून घ्यायला पुन्हा मनपाची चक्कर आलीच.

डीएस-२०१९ हातात आला की सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी सिस्टीमची फी, जे-१ ला २२० डॉलर, जे-२ ला ती नाही. पावती प्रिंट करून ठेवा. मग डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तो भरताना थोडा वेळ गप्प बसलात की बाहेर फेकतो, म्हणून सारखं सेव्ह करत जा आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा. त्यात पाच वर्षांची सोशल मीडियाची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून एफ, एम (हे विद्यार्थ्यांचे व्हिसा) आणि जे वाल्यांना ती पब्लिक ठेवायला सांगितलंय. व्हिसाची फी १८५ डॉलर. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून.

मुंबईच्या फेऱ्या दोन धरा, एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी बीकेसीला वकिलातीत इंटरव्ह्यूची. शक्यतो लागोपाठच्या दिवसांच्या तारखा घ्या आणि आदल्या दिवशीच पोचा. सकाळच्या पंचवटीनी जाऊ म्हणणारे खूप आहेत, पावसाळ्यात कसारा घाटात गाडी थांबली की काय होतं ते त्यांना विचारा. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही आणि तिथे तो ठेवायची सोय पण नाही, म्हणून बरोबर कोणीतरी घ्या. प्रश्न सोपे असतात, काय काम करणार, पैसे कोण देणार, परत कधी येणार. स्वतःचं काम दोन वाक्यात सांगायचा सराव करा, आणि तो सासूबाईंसमोर करा, गाईडसमोर नको. मी ‘द्राक्षाच्या पानावर बुरशी येते, ती औषधाला का दाद देत नाही ते बघते’ एवढंच इंग्रजीत सांगितलं, पुरलं. बायोटेक, न्यूक्लियर वगैरे विषय असेल तर २२१ जी ची चिठ्ठी हातात पडू शकते, म्हणजे कायमचा नकार नाही, जास्त तपासणी. सीव्ही, पेपरांची यादी आणि कामाचं एक पानी वर्णन तयार ठेवा. कधीकधी हे आठवडे, महिने चालतं, म्हणून तर म्हणते तिकीट शेवटी. उशीर होतोय असं दिसलं की इंटरनॅशनल ऑफिसला कळवा, ते सुरुवातीची तारीख पुढे ढकलून देतात.

इन्शुरन्सला मी फसले. इथल्या एका एजंटकडून स्वस्तातली पॉलिसी घेतली आणि तिकडे गेल्यावर कळलं ती जे-१ ला चालतच नाही. नियम असाय की एका आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर कव्हर, आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह परत पाठवायला २५,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या वर नको. हे चार आकडे एजंटसमोर ठेवा. किंवा सरळ ऑफिसला विचारा तुमच्याकडचे लोक कोणती घेतात.

सामानाबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात सांगते. चिवडा न्या, इगतपुरीचा इंद्रायणी नेऊ नका, खाप्रा भुंगेऱ्यामुळे आपल्याकडचा तांदूळ आणि हरभरा सामानातून चालत नाही. कढीपत्ता पण नाही. खायचं जे काही असेल ते उतरल्यावर कस्टम्सला सांगून टाका. आणि आपल्या लोकांची खोड म्हणजे बॅगेत चार वाळकी रोगट पानं किंवा चिमूटभर माती टाकायची, ते अजिबात नको. रोगकारक बुरशीसाठी यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याची परवानगी आधी लागते, ती तिकडचा प्रोफेसर काढतो, आणि इथून बाहेर न्यायला जैवविविधता कायद्याखालची वेगळी. डीएस-२०१९, पासपोर्ट, निमंत्रणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन बॅगेत नाही.

प्रोग्रॅम सुरू व्हायच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी आत जाता येतं, त्याच्या आधी नाही. उतरल्यावर जेट लॅग गेला की नाही ते बघत बसू नका, पहिल्या आठवड्यातच इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन हजेरी लावा, तुम्ही पोचल्याची नोंद त्यांनी ठरलेल्या मुदतीत सिस्टीममध्ये केली नाही तर तुमचा सगळा रेकॉर्डच बंद पडू शकतो. आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन काढून त्यावरची तारीख, नाव तपासा. ऑफिसनी तुम्ही पोचल्याची नोंद केल्यावर थोडे दिवस थांबून सोशल सिक्युरिटी नंबरला (पगारासाठी, करासाठी लागतो तो) जा, घाई केली तर तिथला माणूस परत पाठवतो. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. जोडीदाराला तिकडे काम करायचं असेल तर वर्क परमिटचा अर्ज तिथे गेल्यावर, आणि त्याला महिने लागतात, म्हणून त्या पगारावर घरभाड्याचं गणित मांडू नका.

आणि दिवाळीला घरी यायचा मोह झालाच तर डीएस-२०१९ वर प्रवासाची सही आहे का आणि व्हिसाचा शिक्का परतीच्या दिवसापर्यंत चालतोय का ते बघा. ती सही वर्षभर चालते आणि ती त्या ऑफिसमध्येच मिळते, नाशिकला आल्यावर आठवलं तर मग पुन्हा रात्री साडेसातचे ईमेल सुरू.