सीमाभागातून बी.एस्सी. नर्सिंगला जाताना : कॉलेजची मान्यता कशी तपासावी

पी.यू.सी.चा, म्हणजे कर्नाटकातील बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घराघरांत नर्सिंगचा विषय निघतो. मूल शास्त्र शाखेचे आहे, मेडिकलला नंबर लागणे अवघड आहे आणि शिक्षण संपताच नोकरी हवी आहे, असा हिशेब मांडून पालक चौकशीला लागतात आणि त्याच सुमारास ‘डायरेक्ट सीट’ मिळवून देणारे एजंटही दारात येऊ लागतात. जाहिरातीवर ‘शासनमान्य’ हा शब्द असतोच. त्या शब्दामागे नेमके कोणाचे, कोणत्या अभ्यासक्रमासाठीचे आणि कोणत्या शैक्षणिक वर्षाचे पत्र आहे, हे विचारण्याचा संकोच करू नये. कारण या तीनपैकी एखादे उत्तर चुकीचे निघाले तर चार वर्षांनंतर हाती येणाऱ्या कागदावर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

कर्नाटकातील साध्या, म्हणजे स्वतःच पदवी देणारे अभिमत विद्यापीठ नसलेल्या, कॉलेजच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. राज्य शासनाची अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी ही पहिली. बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता ही दुसरी. १९९६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठच परीक्षा घेते आणि पदवी देते. तिसरी गोष्ट म्हणजे कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता, कारण पदवीनंतरची नोंदणी त्या कौन्सिलकडेच व्हायची असते. संलग्नता एकदा मिळाली की कायमची मिळाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिचे नूतनीकरण होत असते आणि कोणत्या अभ्यासक्रमाला किती जागा मंजूर आहेत, हेही त्यात ठरलेले असते. म्हणून कॉलेजच्या कार्यालयात काचेच्या चौकटीत लावलेले दहा वर्षांपूर्वीचे पत्र पाहून समाधान मानू नये. चालू वर्षाचे पत्र मागावे आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील संलग्न कॉलेजांच्या यादीशी ते ताडून पाहावे.

ताडून पाहताना केवळ संस्थेचे नाव पुरत नाही. आपल्याकडे एकाच ट्रस्टच्या एकाच इमारतीत जी.एन.एम., बी.एस्सी. आणि पॅरामेडिकल असे तीन फलक लागलेले असतात. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे आणि तिची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, तर राज्याचे वेगळे परीक्षा मंडळ घेते; त्यामुळे पदविकेला मान्यता असलेल्या संस्थेला पदवीची संलग्नता असेलच असे नाही. कॉलेजचे पूर्ण नाव, गाव, अभ्यासक्रम आणि मंजूर जागा हे चारही तपशील यादीत जसेच्या तसे दिसले पाहिजेत. ‘होम नर्सिंग’, ‘बेडसाइड असिस्टंट’ अशा सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या कोर्सना या चौकटीत स्थान नाही, आणि मूळ बी.एस्सी. नर्सिंग पत्राद्वारे, घरबसल्या होत नाही; तसे कोणी सांगत असेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

मंजूर जागांचा मुद्दा मी मुद्दाम ताणून सांगतो आहे. आमच्या ओळखीतील एका मुलीने पाच-सहा वर्षांपूर्वी एजंटामार्फत प्रवेश घेतला होता. कॉलेज खरे होते, संलग्नताही खरी होती. पण मंजूर संख्येपेक्षा जास्त मुली भरून घेतल्या होत्या आणि जादा भरलेल्यांत हिचे नाव होते. परीक्षेच्या तोंडावर हॉल तिकीट आले नाही, तेव्हा हे उघड झाले. फी परत मिळवायला तिच्या वडिलांना दोन वर्षे हेलपाटे मारावे लागले, आणि मुलीचे गेलेले वर्ष तर गेलेच. कॉलेज मान्यताप्राप्त असणे आणि आपली जागा मान्यताप्राप्त असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे ते घर त्या दिवशी शिकले.

भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या (आय.एन.सी.च्या) मान्यतेविषयी कर्नाटकात बराच गोंधळ आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली ही दिल्लीची संस्था देशभरातील अभ्यासक्रमाचा आणि पात्रतेचा दर्जा ठरविते. एखाद्या राज्यातील कॉलेजला तिची वेगळी मान्यता हवीच का, हा वाद कर्नाटकात उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली न्यायालयाने, पदवीला मान्यता देणे हे कौन्सिलचे काम आहे, संस्थांना मान्यता देणे नव्हे, अशा आशयाचा निर्णय दिला. ‘आमच्याकडे आय.एन.सी. लागतच नाही’ असे एखादे कॉलेज सांगते, त्याचे मूळ इथे आहे. ते विधान कायद्याच्या दृष्टीने खोटे नसेलही. पण राज्याबाहेरील रुग्णालये, बँका आणि परदेशी नोंदणी संस्था कागद तपासताना आय.एन.सी.चा उल्लेख शोधतात, हेही तितकेच खरे. ज्याला शिक्षणानंतर पुण्या-मुंबईला, गोव्याला किंवा आखाती देशांत जायचे आहे, त्याने कॉलेजकडून या प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला असून जुन्या कौन्सिलची जागा त्या आयोगाने घ्यायची आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी अधिकार नेमका कोणाकडे आहे, तेही पाहून घ्यावे.

माहितीपत्रकावरील बाकीची चिन्हे वाचताना घाई करू नये. नॅकची श्रेणी ही शिक्षणसंस्थेच्या एकूण गुणवत्तेचे मूल्यांकन असते आणि एन.ए.बी.एच. हे रुग्णालयाचे मानांकन असते. दोन्ही असतील तर चांगलेच. पण ती नर्सिंगच्या मान्यतेची जागा घेत नाहीत. आय.एस.ओ.च्या शिक्क्याचा तर नोंदणीशी काहीच संबंध नाही.

अभिमत विद्यापीठांचे गणित वेगळे असते. बेळगावातील के.एल.ई. या संस्थेला २००६ पासून हा दर्जा आहे. तिथे राजीव गांधी विद्यापीठाची संलग्नता शोधण्यात अर्थ नाही, कारण अशा संस्था स्वतःच परीक्षा घेतात आणि स्वतःच पदवी देतात. फीही स्वतंत्रपणे ठरते. मात्र राज्य कौन्सिलच्या नोंदणीचा प्रश्न तिथेही विचारावा, आणि नाव अनोळखी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलेली बनावट विद्यापीठांची यादी एकदा चाळावी.

आता प्रवेशाकडे वळू. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात; बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. मुलगेही पात्र असतात. आपल्याकडे हे अजून आवर्जून सांगावे लागते. कर्नाटकात सरकारी जागा आणि खासगी कॉलेजांतील शासकीय कोट्याच्या जागा के.ई.ए.च्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सी.ई.टी.मधून, म्हणजे सामाईक प्रवेशपरीक्षेतून, भरल्या जातात. त्यासाठी कर्नाटकात सात वर्षे शिकल्याचे स्टडी सर्टिफिकेट बी.ई.ओ.च्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीनिशी तयार ठेवावे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) घ्यावा आणि त्यावर छापलेला आर.डी. नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, अर्जात बिनचूक भरावा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना कन्नड माध्यमाच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे उघड आहे; परंतु पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांसाठी असलेले ग्रामीण आरक्षण माध्यम पाहत नाही, आणि खानापूर तालुक्यातील कितीतरी मुले केवळ ठाऊक नसल्यामुळे त्यावर पाणी सोडतात. बिदरच्या नातेवाइकांना मिळते ते राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) चे, म्हणजे कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांसाठीचे, आरक्षण मात्र बेळगाव जिल्ह्याला लागू नाही.

सीमेवरच्या घरांना आणखी एक पर्याय खुणावत असतो, तो म्हणजे महाराष्ट्राचा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळचे, आणि शिकविणाऱ्यांची व रुग्णांची भाषाही ओळखीची. तिकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता पाहावी लागते, आणि प्रवेशपरीक्षाही महाराष्ट्र सी.ई.टी. कक्षाची वेगळी द्यावी लागते. अडचण रहिवासाची येते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तेथील काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या नियमांत तरतूद असते. नर्सिंगसाठी ती त्या वर्षी आहे का आणि आपले गाव यादीत आहे का, हे माहितीपुस्तिकेतूनच पाहावे. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. (गंमत अशी की जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतील कन्नड भाषकांसाठी कर्नाटकाच्या नियमांतही अशीच आरशातली तरतूद आहे.) कर्नाटकातील जातीचा दाखला तिकडे चालत नाही आणि तिकडचा इकडे चालत नाही, हे गृहीत धरूनच फीचा अंदाज बांधावा.

शिक्षण एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागाचे नेहमीचेच आहे. तसे करता येते. शिकलेल्या राज्यातील कौन्सिलकडे प्रथम नोंदणी करायची, मग तेथून ना-हरकत घेऊन दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी करायची, असा तो मार्ग आहे. त्यात वेळ आणि पैसा जातो, म्हणून नोकरी कुठे करायची याचा विचार कॉलेज निवडतानाच झालेला बरा. कर्नाटक सरकारच्या सेवेत जायचे असेल तर कन्नडची परीक्षा चुकत नाही. त्या दृष्टीने बेळगाव, हुबळी, धारवाडच्या वॉर्डांत चार वर्षे कानावर पडणारी कन्नड हा एक फायदाच समजावा.

कागद पाहून झाले की रुग्णालय पाहावे, आणि माझ्या मते निवड खऱ्या अर्थाने इथेच ठरते. नर्सिंग वर्गात अर्धे आणि वॉर्डात अर्धे शिकले जाते. नियमानुसार कॉलेजचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण असावे. खाटा मोजण्यात अर्थ नाही. भरलेल्या खाटा मोजाव्यात. तपासणीच्या दिवशी आणून झोपविलेल्या रुग्णांचे किस्से या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून आगाऊ न कळविता, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ओ.पी.डी.त जाऊन बसावे. प्रसूती विभागात महिन्याला किती बाळंतपणे होतात, अतिदक्षता विभाग आहे का, मुलांचा वॉर्ड आहे का, मानसिक आरोग्याच्या अनुभवासाठी विद्यार्थ्यांना कुठे पाठवितात, हे विचारावे. बाळंतपणे कमी असतील तर नोंदवहीत आवश्यक प्रात्यक्षिके कागदोपत्रीच भरली जातात, आणि अशी परिचारिका पहिल्या रात्रपाळीला गोंधळून जाते. बाहेरच्या रुग्णालयाशी करार असेल तर तिथपर्यंतची बस कोणाची आणि तिचे भाडे कोण देतो, हा प्रश्नही क्षुल्लक मानू नये. प्रात्यक्षिकाची हजेरी पदवीपूर्वी १०० टक्के भरावी लागते, त्यामुळे हे अंतर रोजचे होते.

शिक्षक किती आहेत, यापेक्षा ते टिकतात का, हे महत्त्वाचे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा निकष आहे. पण प्राचार्यांऐवजी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून ‘तुमच्या वर्षात किती मॅडम बदलल्या?’ एवढेच विचारावे. वसतिगृह, जेवण आणि रात्रपाळीहून परतण्याची सोय यांची खरी माहितीही त्याच देतात.

फीच्या बाबतीत चारही वर्षांचा आकडा लेखी घ्यावा. गणवेश, वाहतूक, परीक्षा आणि ‘क्लिनिकल चार्जेस’ त्यात धरले आहेत का ते पाहावे आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. राज्याच्या एस.एस.पी. (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा. मूळ मार्क्स कार्ड पडताळणीसाठी दाखवावे लागते. ते ठेवून घेतले तर त्याची पोच घ्यावी.

प्रवेश झाल्यानंतर एक काम उरते. पहिल्या सत्रात विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मिळाला का, हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारावे आणि ‘येईल’ या उत्तरावर न थांबता तो क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.