घरात एकाला काचबिंदू निघाल्यावर बाकीच्यांची तपासणी कशी करून घ्यावी

काचबिंदूचे निदान झाल्यावर डॉक्टर थेंब लिहून देतात, पुढची तारीख देतात आणि जाता जाता ‘घरच्यांनाही एकदा दाखवून घ्या’ असे सांगतात. थेंबांची चिठ्ठी औषधांच्या दुकानात जाते, तारीख कॅलेंडरवर लिहिली जाते, पण हे तिसरे वाक्य कागदावर नसल्यामुळे बहुधा दवाखान्यातच राहते. रुग्णाच्या नातेवाइकांपर्यंत हा निरोप पोहोचवणारी दुसरी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नसल्यामुळे ते काम रुग्णाने किंवा त्याच्या घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने अंगावर घ्यावे लागते.

ते घ्यावे यासाठी कारण भक्कम आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे काचबिंदूच्या रुग्णांची भावंडे आणि मुले प्रत्यक्ष तपासण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता या नातेवाइकांत सुमारे २२ टक्के, तर काचबिंदू नसलेल्यांच्या नातेवाइकांत सुमारे २.३ टक्के आढळली. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० साली मांडला गेला, आणि आपल्याकडच्या पाहण्यांत आढळलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला हा आजार असल्याचा पत्ताच नव्हता. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढून, डोळ्याची नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांचा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे अक्षर स्वच्छ वाचता येते. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, म्हणून तक्रार सुरू होण्याआधीच तपासणी व्हावी लागते.

आधी रुग्णाची फाईल नीट वाचावी

नातेवाइकांना कळवण्यापूर्वी रुग्णाच्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी विचारून एका कागदावर लिहून घ्याव्यात: काचबिंदू खुल्या कोनाचा आहे की बंद कोनाचा (कोन म्हणजे डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची जागा), निदान कोणत्या वयात झाले, आणि तो मूळचाच आहे की दुसऱ्या कशामुळे उद्भवला आहे. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण डोळ्याला मार लागून, मोतीबिंदू जास्त पिकून किंवा मधुमेहाने पडदा खराब होऊन दाब वाढला असेल, तर भावंडांना त्याच कारणाने तेवढा धोका राहत नाही. जुन्या पिढीबद्दल बोलताना ‘आईचा मोतीबिंदूच होता’ या आठवणीवर विसंबू नये. शस्त्रक्रिया होऊनही एखाद्याची नजर परतली नसेल, तर जुने कागद शोधून डॉक्टरांना दाखवावेत.

यादी करताना भावंडे आधी

आपल्याकडे ‘मुलांना तपासा’ हे लगेच सुचते, पण सर्वांत आधी सख्ख्या भावंडांना गाठावे. त्यांचे वय रुग्णाच्या आसपासचे असल्यामुळे आजार असलाच तर तो आताच सापडण्याजोगा असतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झालेल्या पाहणीतही भावंडाला काचबिंदू असण्याशी जोडलेली जोखीम आईवडिलांच्या मानाने अधिक दिसली. त्यानंतर मुले, आणि हयात असतील तर आईवडील. आत्या, मामा, चुलत भावंडे यांचा धोका तुलनेने कमी असतो. मात्र एकाच कुटुंबात दोन-तीन जणांना काचबिंदू असेल, तर त्यांनाही यादीत घ्यावे.

या यादीतून हमखास गळते ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण. तिच्या सासरी ‘तिला काय झालंय, चांगलं तर दिसतंय’ असे म्हटले जाते, आणि स्वतःच्या तब्येतीसाठी दिवस मोडून तालुक्याला जाणे तिला अवघड वाटते. तिच्या नवऱ्याशी किंवा कमावत्या मुलाशी स्वतंत्र बोलावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांना मिळून एक संदेश टाकला की तो कोणालाच उद्देशून नसतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा फोन करावा आणि मागाहून असे काहीतरी लिहून पाठवावे: ‘ताई, माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला आहे. मला काहीच त्रास नव्हता, दिसतही नीट होतं. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो. या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन काचबिंदूसाठीच तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव.’ रिपोर्ट मागितला की टाळाटाळ बरीच कमी होते.

कोणत्या वयात जावे

चाळिशी उलटलेल्या भावंडांनी आणि मुलांनी लगेच जावे. रुग्णाचे निदान लवकर झाले असेल, तर त्याच्या निदानाच्या वयापेक्षा पाच ते दहा वर्षे आधी पहिली तपासणी करावी. म्हणजे वडिलांना बेचाळिसाव्या वर्षी काचबिंदू निघाला असेल, तर मुलाने पस्तिशीच्या आतबाहेर जावे. दूरचे दिसण्यासाठी मोठा उणे नंबर असलेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी याहून उशीर करू नये.

जन्मजात काचबिंदू ही वेगळी बाब आहे. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत असलेल्या घरांत हे अधिक संभवते. एका मुलाला हा आजार असेल, तर पुढच्या बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच तपासावेत. डोळ्यांतून सतत पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ धुरकट दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. ‘किती मोठे डोळे आहेत’ असे कौतुक होत असलेल्या बाळाचे बुबुळही कधीकधी आतल्या दाबामुळेच मोठे झालेले असते.

कुठे जावे आणि काय मागावे

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. गावातल्या नेत्रशिबिरांचा भरही बहुधा मोतीबिंदू शोधण्यावर असतो. नेत्रतज्ज्ञाकडे, जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात जावे आणि केसपेपर काढतानाच ‘सख्ख्या भावाला काचबिंदू आहे, त्यासाठी तपासायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘डोळे तपासायचे आहेत’ म्हटले की चष्म्याचा नंबर हातात घेऊन परत येण्याची शक्यता राहते. रुग्णाच्या रिपोर्टच्या प्रती सोबत न्याव्यात. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले भावंड असेल, तर चाळिशी पूर्ण झालेल्या जवळच्या नातेवाइकांची डोळ्यांची तपासणी तिथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत होते, हे त्याला आवर्जून कळवावे.

तपासणीत काय काय व्हायला हवे

डोळ्याचा दाब मोजणे ही फक्त सुरुवात आहे. सर्वसाधारणपणे १० ते २१ हा आकडा ठीक मानला जातो, परंतु काचबिंदू असलेल्या अनेकांचा दाब एका वेळच्या मोजणीत २१ च्या आतच भरतो. ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढे ऐकून उठून येणे ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महागात पडणारी घाई आहे. बुबुळ पातळ असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जाड असेल तर जास्त. म्हणून बुबुळाची जाडीही मोजली जाते. चष्मा घालवण्यासाठी लेझर करून घेतलेल्यांनी ते न विसरता सांगावे, कारण त्यात बुबुळ पातळ झालेले असते.

दाबाइतकेच महत्त्वाचे म्हणजे कोन पाहणे. बधिर करणारा थेंब टाकून डॉक्टर डोळ्यावर आरसे बसवलेले छोटे भिंग टेकवतात आणि डोळ्यातले पाणी जिथून बाहेर जाते तो कोन उघडा आहे का, हे बघतात. दुखत नाही, थोडे दडपल्यासारखे वाटते. रुग्णाचा काचबिंदू बंद कोनाचा असेल, तर ही पायरी गाळू देऊ नये, आणि बाहुली मोठी करणारे थेंब कोन पाहून झाल्यावरच टाकले जावेत. अरुंद कोनात ते आधी टाकल्यास दाब एकाएकी चढू शकतो. कोन अरुंद निघाला, तर गरजेनुसार लेझरने बाहुलीशेजारच्या पडद्यात बारीक छिद्र पाडून पुढचा धोका कमी करता येतो.

बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टर डोळ्याच्या नसेचे टोक बघतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन टोचते, म्हणून दुचाकी स्वतः चालवत येऊ नये. नसेबद्दल शंका असेल, तर तिचे स्कॅन आणि नजरेच्या आवाक्याची चाचणी सांगितली जाते. या चाचणीत एका डोळ्यावर पट्टी लावून यंत्रात मधल्या खुणेकडे बघत राहायचे असते आणि कडेला ठिपका चमकलेला दिसला की हातातले बटण दाबायचे असते. पुष्कळजण डोळा फिरवून ठिपके शोधत बसतात, त्यामुळे पहिला निकाल अनेकदा भरवशाचा नसतो. डॉक्टरांनी चाचणी पुन्हा करायला सांगितली, तर तो खर्च टाळू नये.

निकाल हाती आल्यावर

सर्व ठीक असेल, तर तो दाखला त्या दिवसापुरता असतो. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा जावे. नेमके अंतर डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे, आणि पहिले स्कॅन तसेच नसेचा फोटो जपून ठेवावा, कारण पुढे बदल झाला की नाही हे त्याच्याशीच ताडून पाहतात. ‘संशयित’ असा शेरा मिळाला, तर लगेच औषध सुरू होईलच असे नाही, मात्र सहा महिन्यांनी बोलावले असता जाणे चुकवू नये. काचबिंदूच निघाला, तर त्या व्यक्तीच्या मुलांची नावे त्याच दिवशी यादीत चढवावीत.

तपासणी निर्दोष आलेल्यांसाठीही एक पथ्य राहतेच. खुल्या कोनाचा काचबिंदू असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांचा दाब स्टिरॉइडमुळे इतरांपेक्षा सहज चढतो. डोळे आले, खाज सुटली की दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणलेले स्टिरॉइडचे थेंब अशा घरात कोणीही मनाने घालू नयेत, आणि दमा, त्वचा किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही घरातल्या काचबिंदूची कल्पना आधीच द्यावी.