वादात सापडलेल्या रॉक गायकाचा कार्यक्रम सांगलीत कसा घ्यावा

दौऱ्यावरील गायकाच्या एखाद्या विधानावरून गदारोळ उठला आणि पुढचा मुक्काम सांगलीत असला, तर आयोजकाने प्रथम ते विधान मागच्यापुढच्या संदर्भासह वाचावे, कारण निवेदन घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते वाचलेले नसते. बीटल्स या इंग्रजी रॉक बँडचा गायक जॉन लेनन याचे ‘आम्ही आता येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहोत’ हे वाक्य मार्च १९६६ मध्ये लंडनमध्ये छापून आले तेव्हा तेथे फारशी खळबळ माजली नाही. पुढे अमेरिकेतील एका मासिकाने तेच वाक्य ठळकपणे छापताच काही गावांत बीटल्सच्या तबकड्यांची होळी झाली आणि ११ ऑगस्टला, पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, लेननला शिकागोत पत्रकारांसमोर खुलासा करावा लागला. खुलासा गायकानेच करावा. आयोजकाने त्याच्या वतीने बोलण्याच्या फंदात पडू नये.

पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देताना विरोधकांचे निवेदनही स्वतःहून जोडावे आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का, तारखेसह, उमटला आहे ना, हे तेथेच पाहावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सवलतीचे दिवस मोजकेच असतात. म्हणून साडेसहाला सुरुवात करून शेवटचे गाणे पावणेदहाला आटोपावे. (रॉकवाले वेळेवर येत नाहीत, हे गृहीत धरूनच.) कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे कधी व कसे परत मिळतील, हे तिकिटावरच छापावे. निदर्शकांची जागा पोलिसांशी बोलून प्रवेशद्वारापासून दूर ठरवावी आणि वाद्यांचा टेम्पो मागच्या फाटकातून दुपारीच आत घ्यावा.