मूल्यांची प्रश्नावली मराठीत वापरताय? या चुका टाळा

मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये परंपरा, सत्ता, सुरक्षितता अशा दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली. त्यांची प्रश्नावली हाताशी आहे, उत्तरंही जमली आहेत आणि तरी निष्कर्ष विचित्र येत असतील, तर आधी सरासरी तपासा.

सर्वांत जास्त घात इथेच होतो. समजा, सहापैकी गुण द्यायचे आहेत. एका मावशींनी परंपरेला ६ दिले, एका तरुणाने ४. लगेच ‘मावशी जास्त परंपरावादी’ असं लिहू नका. मावशींचा हातच सढळ, सगळ्या प्रश्नांची त्यांची सरासरी ५.६. तरुणाची ३.२. ज्याची त्याची सरासरी वजा केली की मावशींची परंपरा उरते ०.४ आणि तरुणाची ०.८. मूल्य म्हणजे अग्रक्रम. माणूस कशाच्या तुलनेत कशाला वर ठेवतो, ते बघायचं असतं. मात्र वजाबाकीनंतरची दहाही मूल्यं एकदम रिग्रेशनमध्ये (कशाचा कशावर किती प्रभाव, हे काढायच्या सांख्यिकी पद्धतीत) घालू नका, ती एकमेकांत गुंतलेली असतात.

युरोपियन सोशल सर्व्हे या युरोपातल्या देशांमधल्या पाहणीची २१ प्रश्नांची आवृत्ती घेतली असेल तर आकडे उलटे करायला विसरू नका. तिथे प्रत्येक प्रश्नात एका व्यक्तीचं छोटं वर्णन असतं आणि ती कितपत आपल्यासारखी, ते सांगायचं असतं: १ म्हणजे ‘अगदी माझ्यासारखी’ आणि ६ म्हणजे ‘अजिबात नाही’.

आता भाषांतर. श्वार्ट्झ यांच्या मूळ प्रश्नावलीत मूल्यांच्या शब्दांची यादी असते; त्या यादीतल्या ‘ओबिडियंट’ला शब्दकोश ‘आज्ञाधारक’ देतो. पण हा शब्द वाचला की आपल्याला शाळेतल्या अर्जाखालचं ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ आठवतं. साठीच्या बाईंनी त्यावर काय खूण करायची? मूळ यादीत शब्दापुढे कंसात खुलासा आहे: कर्तव्यनिष्ठ, जबाबदारी पाळणारा. जागा वाचवायला हे कंस गाळणं मला अक्षम्य वाटतं. भाषांतर झालं की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. घसरलेले शब्द बरेचसे तिथेच सापडतात.

वर्णनं देणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे व्यक्तिचित्रांच्या प्रश्नावलीत ‘ही व्यक्ती कितपत तुमच्यासारखी आहे?’ असंच विचारा. ‘तुम्ही तिच्यासारखे आहात का?’ असं उलटं विचारलं की लक्ष त्या वाक्यातल्या एका गुणावर राहत नाही, माणूस स्वतःचं सगळं आयुष्य तपासायला लागतो. बायकांसाठी ‘ती’, पुरुषांसाठी ‘तो’ अशा दोन प्रती हव्यातच. मराठीत तर क्रियापदही बदलतं.

आणि दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडण्याआधी प्रश्न दोन्हीकडे सारखेच मोजतात का, याची सांख्यिकी चाचणी करा. ती पार पडली नाही, तर त्या सरासऱ्यांची तुलना प्रबंधात ठेवू नका.