गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी: फोर बाय फोरच्या क्लचची तयारी

आधी क्लच खरंच गेलाय का ते नक्की करा. साध्या गाडीत एक वेळ चालून जातं, पण फोर बाय फोरमध्ये प्लेट बदलायची म्हणजे पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवा, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) उतरवा, मग गिअरबॉक्स, आणि एवढी मारामारी करून प्लेट चांगलीच निघाली तर स्वतःलाच शिव्या घालाव्या लागतात. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, दुसरा पाय ब्रेकवर, ट्रान्सफर हायमध्ये (रोजच्या रस्त्याची रेंज, लो म्हणजे कमी वेग-जास्त जोराची), चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर प्लेट पकडतेय, घुरघुरत चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा हां, खात्री करायच्या नादात उरलेली प्लेटही जाळाल. लोमध्ये प्लेटवर लोड कमी येतो त्यामुळे घसरणं लपून राहतं, म्हणून चिखलात झकास चालणारी गाडी मोठ्या चढावर वरच्या गिअरला नुसता आवाज करते आणि स्पीड काही वाढत नाही.

रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर ती वेगळी भानगड, तिथे क्लच बहुतेक पूर्ण सुटत नाही, त्यात प्लेटला दोष द्यायच्या आधी फ्लुइडची लेव्हल बघा, स्लेव्ह सिलिंडरचं (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर उचलून आत ओलं आहे का बघा, लाइनमधली हवा काढून बघा. पेडलला फ्री प्ले (क्लचवर जोर यायच्या आधीची मोकळी हालचाल) अजिबात नसेल तरी चांगली प्लेट घसरते. पेडल दाबल्यावर आवाज आला तर बहुतेक रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं). न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, म्हणजे खर्चाचा आकडा आत्ताच वाढवून ठेवा.

आता गाडीखाली जा आणि बेल हाऊसिंगच्या (क्लच झाकणारं घंटेसारखं कव्हर) तळाच्या भोकाला बोट लावून वास घ्या. काळं पातळ तेल असेल तर इंजिनचं मागचं सील, नाकात जाणारा उग्र गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं. मी एकदा "थोडंसंच ओलं आहे" म्हणून सील तसंच ठेवलं आणि दोन महिन्यांत नव्या प्लेटवर तेल, सगळं पुन्हा खाली. तेव्हापासून गिअरबॉक्स उतरला की दोन्ही सील बदलतो, चर्चा नाही.

सामानात प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनच्या जड चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम घ्या, सोबत क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग पण, ते स्वस्त असतं आणि सगळे विसरतात. फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) आणि त्याचा पिव्हट झिजलाय का बघा. एकाच मॉडेलला इंजिनप्रमाणे वेगळी प्लेट येऊ शकते, तेव्हा जुनी-नवी एकमेकींवर ठेवून मापं जुळवा आणि नवी प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून बघितल्याशिवाय बसवायला घेऊ नका. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर फेसिंग (लेथवर घासून सपाट करणं) किंवा नवीन, पण ड्युअल मास (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) असेल तर लेथवर चढवायच्या आधी मॅन्युअल वाचा.

हत्यारांत गिअरबॉक्स जॅक आणि बांधायला पट्टा हवाच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून वजन एवढं असतं की छातीवर घेऊन उतरवायची हिरोगिरी नको. स्टँड एवढे उंच लावा की जॅकवरचा गिअरबॉक्स गाडीखालून बाहेर सरकेल, हे आधी मोजा, नंतर नाही. वरच्या बोल्टांसाठी लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लागतो. गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार) काढला आणि मागची बाजू थोडी खाली सोडली की हात पोचतो, फक्त पुढे फॅन आणि होजवर लक्ष ठेवा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर बेल हाऊसिंगचा आकार काढून ज्या त्या जागी खोचून ठेवा, माझा निम्मा वैताग यानेच गेला. शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, तेल काढून घ्या, दोन्ही लिव्हर केबिनमधून सोडवा, रिव्हर्स लाइटची आणि फोर व्हीलच्या स्विचची वायर, ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी), स्टार्टर... एखादी वायर राहिली की खाली घेताना तुटलीच समजा. जुन्या प्लेटची धूळ हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

बसवताना प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बघा, अलाइनमेंट टूल (प्लेट मधोमध धरणारं) घाला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचा) ग्रीसचं नुसतं बोट, जास्त लावलं तर उडून प्लेटवरच जातं. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकवून ठेवू नका आणि बोल्टने ओढून तर अजिबात बसवू नका. अडला तर गिअरमध्ये टाका, ट्रान्सफर न्यूट्रलला नाही ना ते बघा आणि मागची फ्लँज हाताने हळू फिरवा, स्प्लाइन जुळली की आपोआप आत सरकतो. मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हीत तेल भरा, दुसऱ्याचं राहून जातं बरं का, आणि ब्रीदर पाइप क्लिपमध्ये वरच अडकवा, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत.