अंगणात धायटी लावावी की करंज?

आधी वर बघा. डोक्यावर विजेची तार असेल किंवा भिंतीपासून पाचेक मीटर जागा मोकळी नसेल, तर करंजाचा विचार सोडा आणि धायटी लावा. सह्याद्रीतलं हे झुडूप सहसा दोन-तीन मीटरवर थांबतं, मुरमाड उतारावरही तग धरतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्या लाल फुलांनी भरतात आणि मधासाठी शिंजीर पक्षी येतात. मात्र धायटीला भरपूर ऊन हवं.

घराच्या पश्चिमेला ऐसपैस जागा असेल, तर मी करंजच सांगेन. दुपारचं ऊन अडतं, शिवाय तो पाण्याची ओढ आणि खारी जमीनही सोसतो. दोन्ही हवीत? मग धायटी करंजाच्या दक्षिणेला, सावलीबाहेर ठेवा. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करा. सुरुवातीचे दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.